विद्यापीठातली नोकरी, लेकरं अन् संभाजीनगरात भाड्याचं घर: आमच्या एजंटचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, मग सविस्तर. बाहेरगावाहून फॅमिली घेऊन छत्रपती संभाजीनगरात येणार असाल, नोकरी विद्यापीठात किंवा त्या बाजूच्या एखाद्या कॉलेजात असेल आणि शहरात जवळचं कुणी नसेल तर चांगला एजंट धरा, एक महिन्याच्या भाड्याएवढी दलाली जाते ती जाऊ द्या. आमच्या एजंटला मी पाचपैकी चार देईन, एक का कापला ते पुढं येईलच. त्यांचं नाव टाकत नाहीये कारण ते एकटेच काम करतात, हाताखाली माणूस नाही, आणि त्यांनीच सांगितलं की ताई नाव नका लिहू, पन्नास फोन आले तर मी कुणालाच नीट घर दाखवू शकणार नाही. पण ते काम कसं करतात ते लिहिते, म्हणजे तुमचा एजंट तुम्हाला तपासून घेता येईल.

आम्ही अंबाजोगाईचे. मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसरची ऑर्डर आली. घरात मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मिस्टरांचं काम घरूनच लॅपटॉपवर. सुरुवातीला सगळे करतात तसं अ‍ॅपवर बघितलं. फोटो एकदम चकाचक, फोन लावला की तो मालकाचा नसतोच, दुसऱ्याच कुणाचा असतो, आणि तो म्हणतो तो फ्लॅट तर कालच गेला, दुसरा दाखवतो. फोटोत हॉल दिसतो, किचनचा ओटा दिसतो, पण या शहरात फॅमिलीनं जे सगळ्यात आधी बघायला पाहिजे ते एकाही फोटोत नसतं. ते म्हणजे पाणी.

एजंटनं पहिल्याच फोनवर बजेट विचारलं नाही, तिथंच मला माणूस बरा वाटला. विचारलं काय तर विद्यापीठात रोज जायचंय का, टू व्हीलर का फोर व्हीलर, लेकरं कितवीत, म्हातारं माणूस जिना चढतं का, आणि दिवसा घरी कोण असतं. हे शेवटचं मला आधी कळलंच नाही. म्हणलं घरी कोण असतं याचा अन् भाड्याचा काय संबंध? तर म्हणे, ताई, पाणी कधी सुटेल याचा नेम नाही, मोटर चालू करायला माणूस लागतं, दोघंही नोकरीवर असाल तर मग वॉचमन असलेली सोसायटीच बघावी लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे शहर पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी पितं. पावसाळ्यात धरण भरलं की २७ दरवाजांमधून सोडलेल्या पाण्याचे फोटो पेपरात येतात, आणि त्याच पेपरात आतल्या पानावर अमुक वॉर्डात पाणी लांबलं म्हणून बायकांचा मोर्चा असतो. धरणात पाणी नसणं हा मूळ प्रॉब्लेम नाहीच, ते शहरापर्यंत आणणाऱ्या पाइपलाइन जुन्या झाल्या, कमी पडू लागल्या, शहर मात्र वाढत गेलं. नवी मोठी पाइपलाइन टाकायचं काम काढलं त्याला हेच कारण. म्हणून इथं घर बघताना लोक एकमेकांना "पाणी येतं का" असं विचारत नाहीत, "किती दिवसाआड येतं" असं विचारतात. चार दिवस, सहा दिवस, उन्हाळ्यात त्याच्याही पुढं, एरियानुसार फरक. लातूर-बीडकडच्या माणसाला टंचाई नवीन नाही, पण धरण भरलेलं असताना हौद मोजून वापरायचा हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

तर हा माणूस फ्लॅट दाखवायला गेला की आधी वर नेतच नाही. खाली पार्किंगमधल्या अंडरग्राउंड टाकीचं झाकण उघडायला लावतो. मोबाइलच्या टॉर्चनं आत दाखवतो आणि टाकीची लांबी रुंदी खोली विचारतो. हिशोब सोपाय. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी मावतं. म्हणजे २० बाय १० ची टाकी ८ फूट खोल असेल तर ४५ हजार लिटरच्या आसपास. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरायचं असं सरकारी मानक आहे, आम्ही पाच जण म्हणजे रोजचे ६७५ लिटर. आता बिल्डिंगमध्ये १२ फ्लॅट असतील अन् सगळ्यांकडं आमच्यासारखीच माणसं असतील तर ती टाकी साडेपाच दिवस पुरते. पाणी सहा दिवसाआड असेल तर शेवटच्या दिवशी भांडणं ठरलेली. हे गणित त्यांनी पार्किंगमध्ये उभं राहून करून दाखवलं, आणि त्यावरच दोन चांगले दिसणारे फ्लॅट आम्ही वर न जाताच सोडले. त्यातल्या एकाला म्हणे मॉड्युलर किचन होतं. असू द्या.

दुसरं, बोअर आहे का, तो मे महिन्यात चालतो का, आणि बोअरच्या पाण्याची लाइन वेगळी आहे का. वेगळी असली तर संडास-बाथरूमला बोअरचं आणि स्वयंपाकाला महापालिकेचं असं करता येतं, नळाचं पाणी जास्त दिवस पुरतं. बोअरचं पाणी इथं जड असतं, गिझरला आणि नळाच्या तोट्यांना पांढरा थर धरतो, पिण्याला ते वापरायचं तर आरओ लागतोच. तिसरं म्हणजे टँकर. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्यांनी सरळ एप्रिल-मेचं रजिस्टर काढायला सांगितलं, किती टँकर आले, पैसे मेंटेनन्समधून गेले का प्रत्येकाकडून वेगळे घेतले. एका ठिकाणी सेक्रेटरी रजिस्टर दाखवायला तयारच नव्हते, तर आमचे एजंट बाहेर येऊन म्हणाले की इथं नको, उत्तर मिळालं. मला वाटतं दलाली वसूल झाली ती याच कामात. हे प्रश्न आपण भाडेकरू म्हणून विचारले तर मालक दुसरं गिऱ्हाईक बघतो, एजंट विचारतो तेव्हा त्याला उत्तर द्यावं लागतं.

आता एरियाचं. विद्यापीठ शहराच्या एका टोकाला डोंगराच्या पायथ्याशी आहे, मागं लेण्या, अलीकडं मकबरा. सगळ्यात जवळ बेगमपुरा, चालत जाता येईल इतकं, पण तिथं बऱ्याच रूम विद्यार्थ्यांना दिलेल्या असतात, एका मजल्यावर आठ पोरं, रात्री दोनपर्यंत जाग. पोरांचं काही चुकत नाही, त्यांचं ते वय आणि अभ्यास, पण सकाळी साडेसहाला शाळेच्या व्हॅनची वाट बघणाऱ्या घराला ते जमत नाही. पहाडसिंगपुरा, भावसिंगपुरा, पडेगावकडं मोकळी हवा आणि रो हाऊस मिळतात, मला आवडलं होतं, पण मुलीची शाळा शहरात घेतली तर व्हॅन तिथवर यायला का-कू करते.

बीड बायपास, सातारा-देवळाईला मोठमोठे नवे फ्लॅट, त्याच भाड्यात एक खोली जास्त. बायपासला बघायला गेलो तेव्हा मिस्टर तिथंच रमले होते. पण एक तर तो भाग रेल्वेलाइनच्या पलीकडं, विद्यापीठ शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला, म्हणजे रोज अख्खं शहर आडवं पार करायचं. आणि सातारा-देवळाई महापालिकेत आलाच उशिरा, त्यामुळं टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या तिकडं बऱ्याच. सिडको, कॅनॉट, टीव्ही सेंटर, हडको हा पट्टा फॅमिलीला चांगला, शाळा दवाखाने बागा सगळं हाताशी, रस्ते रुंद. फक्त तिकडून विद्यापीठाला येताना दिल्ली गेट, टाउन हॉल, मकाई गेट असं यावं लागतं. ५२ दरवाजांचं शहर म्हणतात ते पाहुण्यांना दाखवायला भारी आहे, पण जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते, अन् पावणेदहाला दोन्हीकडून रिक्षा, स्कूलव्हॅन, बुलेट सगळे तोंडाला तोंड लावून उभे असतात. एजंटनं आम्हाला मुद्दाम त्याच वेळेला त्या रस्त्यानं नेलं. रविवारी दुपारी घर बघायला बोलावणाऱ्या एजंटपासून सावध राहा, रविवारी सगळेच रस्ते मोकळे असतात.

शेवटी आम्ही निराला बाजार-खडकेश्वरच्या बाजूला जुन्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके घेतलं. फरशी जुनी, भिंतीतली कपाटं जुन्या पद्धतीची, बाल्कनीत एक माणूस नीट बसेल एवढीच जागा. पण टाकी मोठी, बोअरची लाइन वेगळी, औरंगपुऱ्याची भाजी मंडई चालत, सरकारी घाटी दवाखाना जवळ, आणि विद्यापीठ गाडीवर फार लांब नाही. सासूबाई संध्याकाळी एकट्या मंदिरात जाऊन येतात. भाडं १४ हजार, डिपॉझिट ४० हजार.

एक गोष्ट मात्र लिहायचीच आहे. "फक्त फॅमिलीसाठी" अशी पाटी असली की आपल्याला वाटतं चला, आपण बसतो यात. तसं नसतं. एका मालकानं फोनवर आडनाव विचारलं, मग गाव कोणतं, मग तुमचे पाहुणे कुठले. मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्नांचा क्रम पाठ असतो, शेवटी कुठं जायचंय ते पहिल्याच प्रश्नाला कळतं. आमची जात कोणती हे मी इथं लिहिणार नाही, त्याचा घराशी संबंध नाही. ज्या गावात बाबासाहेबांनी १९५० ला मिलिंद कॉलेज उभं केलं, जिथं विद्यापीठाला त्यांचं नाव मिळावं म्हणून वर्षानुवर्षं लढा झाला, माणसं गेली, घरं जळाली, आणि १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्तार झाला, त्या विद्यापीठात शिकवायला येणाऱ्या माणसाला आडनावावरून दार दाखवायचं, याचा मला मनापासून संताप येतो. एजंटनं तो फोन आमच्या समोरच बंद केला आणि म्हणाले, त्यांचा फ्लॅट मी यापुढं कुणालाच दाखवणार नाही. नॉनव्हेज चालतं का नाही हे मात्र ते आधीच विचारून ठेवायचे, म्हणजे दारात गेल्यावर अपमान नाही. मी जो चौथा पॉइंट दिलाय तो या एका गोष्टीसाठी दिलाय असं समजा.

कागदाचं कामही त्यांनीच केलं. इथं बरेच मालक नुसतं नोटरी करून देतो म्हणतात. ते घेऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर पाहिजेच, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते. ११ महिन्यांचा असला तरी. हे ऑनलाइन होतं, माणूस मशीन घेऊन घरी येतो, अंगठा आणि फोटो घेतो, संपलं. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर अन् डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर पाव टक्का, म्हणजे आमच्या केसमध्ये ४०० च्या आसपास, शिवाय महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशनचे १,०००. एवढ्यासाठी कुणी नोटरीवर का भागवावं? शाळेत पत्त्याचा पुरावा, गॅस ट्रान्सफर, आधारचा पत्ता, सगळ्याला हाच कागद चालला. नोकरदारांनी अजून एक करा, मालकाचा पॅन नंबर करारातच घ्या. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं आणि एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट घ्यायची असली की तो लागतोच, आणि मार्चमध्ये मागायला गेलात तर मालक फोन उचलत नाही असं डिपार्टमेंटमधल्या सगळ्यांनी सांगितलं.

आता कापलेला पॉइंट. एजंटनं लिफ्टला बॅकअप आहे म्हणून सांगितलं होतं. राहायला आल्यावर कळलं की बॅकअप जिन्यातल्या लाइटला आहे, लिफ्टला नाही. उन्हाळ्यात लाइट गेली आणि सासूबाई दवाखान्यातून येऊन खाली पार्किंगमध्ये खुर्चीवर बसून राहिल्या, तासाच्या वर. म्हाताऱ्या माणसाचं आम्ही पहिल्या फोनवर सांगितलेलं असताना हे तपासलं नाही, ही त्यांची चूक साधी नाही. टाकीचं झाकण उघडणारा माणूस लिफ्टची मेन स्विच बंद करून बघू शकला असता. त्यांना सांगितलं तर सॉरी म्हणाले, सेक्रेटरीशी बोलले, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेतलाय, लिफ्टचा बॅकअप अजून बसलेला नाही. शिवाय चावी मिळाल्यावर त्यांचा फोन उचलायचा वेग कमी होतो. डिपॉझिट कमी करायला पण फार जोर लावला नाही, आम्हीच दोन-तीन वेळा बोललो तेव्हा ५० चे ४० झाले.

घर कधी शोधायचं हे पण सांगते. ऑर्डर कधीही येवो, जमलं तर एप्रिल-मेमध्ये एक चक्कर मारा. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होतात, बदलीवाले त्याच्या आधी घरं सोडतात, त्यामुळं चॉइस जास्त. आणि मे महिन्यात टाकी बघितली की पुढच्या वर्षाचा अंदाज येतो, ऑगस्टमध्ये सगळ्याच टाक्या भरलेल्या दिसतात. लेकरांची टीसी गावच्या शाळेतून आधी काढू नका, इथं अ‍ॅडमिशन पक्कं झाल्यावरच काढा, आणि शाळा ठरवताना व्हॅनवाल्याला आपल्या गल्लीचं नाव सांगून विचारा की येतो का.

एजंटला सुरुवातीलाच विचारायची अजून एक गोष्ट, ११ महिन्यांनी करार रिन्यू करताना परत दलाली घेणार का. आमचे म्हणाले नाही, फक्त नव्या कराराचा खर्च. हे त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलंय.