ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला धातूचे व्हॉल्व्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

चारही चाकांचे, टायरमध्ये हवा भरायचे रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे, नटाने आवळायचे व्हॉल्व्ह बसवले, त्याला आता बरेच महिने झाले. मधे पावसाळा गेला, उन्हाळा गेला, रेस ट्रॅकवर गाडी पळवायचे दिवसही झाले. म्हणून आता लिहितोय. नवीन वस्तू बसवल्याच्या आठवड्यात तिच्याबद्दल काहीच कळत नाही.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, पंधरा इंची अलॉय. एरवी पुण्यात रोज ऑफिसला जाते. ट्रॅकवर गाडी चालवायला मी दक्षिणेकडे जातो: चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, नाहीतर कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. ट्रेलर परवडणारा नसतो, तेव्हा हजार किलोमीटरहून जास्त अंतर गाडी स्वतःच्या चाकांवर जाते, तिथे दिवसभर पिळली जाते आणि त्याच चाकांवर घरी येते. परतीच्या प्रवासात बऱ्याचदा बायको-मुलं सोबत असतात. व्हॉल्व्हबद्दल मी एवढा विचार का करतो, याचं मोठं कारण तेच आहे.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना येतो तो रबरी व्हॉल्व्ह साबणाचं पाणी लावून रिमच्या भोकातून खेचून बसवलेला असतो. साडेअकरा मिलीमीटरच्या आसपासचं भोक आणि टीआर ४१३ किंवा ४१४ या जातीचा व्हॉल्व्ह. आकड्यानुसार लांबी बदलते. रस्त्यावरच्या वापराला तो उत्तम आहे आणि त्याला नावं ठेवायचं कारण नाही. युरोपातल्या टायर-रिमच्या मानकांनुसार ताशी २१० किलोमीटरपर्यंत रबरी व्हॉल्व्ह चालतो, त्यापुढे धातूचा लागतो. माझी हॅचबॅक ट्रॅकच्या मुख्य सरळीच्या (सरळ पट्ट्याच्या) शेवटी फार तर १६०च्या आसपास पोचते. मग बदलायची गरज काय, असं मला ट्रॅकवर बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे.

१६०च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण तेवीस-चोवीस वेळा फिरतं. व्हॉल्व्ह चाकाच्या मध्यापासून सोळा सेंटिमीटरवर धरला, तर त्याला बाहेरच्या दिशेने बसणारा ओढा त्याच्या वजनाच्या सुमारे साडेतीनशे पट होतो. तीन ग्रॅमचं पितळी टोपण एक किलोच्या ओढ्याने व्हॉल्व्हचा शेंडा रिमकडे वाकवत असतं. हा ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०च्या वेगाला तो एक चतुर्थांश असतो, आणि दोनशेला साडेपाचशे पटीच्या पुढे जातो. शिवाय तो कायम एकसारखा राहत नाही. सरळीवर वाढतो, वळणाआधी ब्रेक लागले की उतरतो, पुन्हा वाढतो. रबराची मान प्रत्येक लॅपमध्ये अशी वाकते आणि सरळ होते, आणि ब्रेकची उष्णता रिममधून तिच्या बुडाशी येत राहते.

आता यात टोपणाच्या जागी लावायचे प्रेशर सेन्सर आणा. ऑनलाइन स्वस्त मिळतात, डॅशबोर्डवर छोटा स्क्रीन येतो, बसवायला टायर काढावा लागत नाही. हायवेसाठी लोक हौसेने घेतात आणि मग तसेच ट्रॅकवर येतात. असा सेन्सर दहा ग्रॅमचा धरला तरी १६०ला साडेतीन किलोचा ओढा झाला, तोही रबराच्या अगदी टोकाशी. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) मी रबरी व्हॉल्व्हवर असे सेन्सर लावलेल्या गाड्या दर वेळी पाहतो. एकीचा व्हॉल्व्ह तर उभ्या गाडीतही रिमला टेकलेला दिसत होता आणि बुडाशी रबर पांढुरकं पडलं होतं. त्या माणसाला हे सांगितल्यावर त्याने सेन्सर लगेच काढले. ही एक गोष्ट मला सगळ्यांना हात जोडून सांगायची आहे: रबरी व्हॉल्व्हवर सेन्सर टांगून ट्रॅकवर उतरू नका. धातूचे व्हॉल्व्ह नाही घेतले तरी चालेल, पण हे करू नका. वळणात बाहेरच्या बाजूच्या पुढच्या टायरमधली हवा एकदम गेली तर टायरची कड रिमवरून सुटू शकते, आणि मग स्टीअरिंग फिरवून काही हाती लागत नाही.

रबर जुनं होतं हा दुसरा भाग. माझे जुने व्हॉल्व्ह काढून वाकवून पाहिले, तेव्हा रिमच्या भोकाला लागून बारीक चिरा दिसल्या. टायर अजून चांगले होते, म्हणजे एरवी ते बदलायचा विषयही निघाला नसता. हवेतल्या ओझोनने रबर असं तडकतं. २००८ साली अमेरिकेत चीनमध्ये बनलेले रबरी व्हॉल्व्ह मोठ्या संख्येने परत मागवावे लागले होते, त्यातही ओझोनने पडणाऱ्या चिरांचाच प्रश्न होता. म्हणून व्हॉल्व्ह रबरी असला तरी अंगठ्याने हलकेच बाजूला वाकवून बुडाशी पाहायची सवय ठेवा. त्याला पैसे पडत नाहीत.

आता नवीन व्हॉल्व्हचा अनुभव. मी निकेल मुलामा दिलेले पितळी, आखूड व्हॉल्व्ह निवडले. अॅल्युमिनियमचे हलके असतात आणि रंगीतही मिळतात, पण अॅल्युमिनियमच्या नळीत साधी पितळी पिन (व्हॉल्व्हच्या आत हवा अडवणारा स्प्रिंगचा भाग) घातली तर ओल आणि खारट हवेत दोन धातूंमध्ये गंज धरतो, पिन जाम होते. त्यांना निकेल मुलाम्याची पिनच लागते. पंक्चरच्या दुकानात कोण कुठली पिन घालेल याची खात्री नाही, तेव्हा पितळ बरं. आखूड अशासाठी की बाहेर जितका कमी डोकावेल तितका ओढा कमी आणि ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून उडालेला खडा लागायची शक्यताही कमी. अगदीच आखूड मात्र घेऊ नका, पेट्रोल पंपावरच्या हवेच्या पाइपचं तोंड बसत नाही. माझ्या मागच्या चाकांना थोडी खटपट होतेच.

बसवण्यात टायरवाल्याची सगळ्यात जास्त परीक्षा आहे. रिमच्या आतल्या बाजूला रबरी वॉशर, बाहेरून नट. रिमची बैठक तिथे सपाट आणि स्वच्छ हवी. नट व्हॉल्व्हच्या पाकिटावर दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळायचा. पहिल्या दुकानात साध्या पान्याने दणकून आवळायला सुरुवात झाली, तेव्हा मी थांबवलं आणि दुसरीकडे गेलो. जास्त आवळलं की वॉशर चिरडून बाहेर येतो आणि गळती तिथेच सुरू होते. उलट काही आठवड्यांनी वॉशर बसतो आणि नट किंचित सैल लागतो. तेव्हाही उगाच आवळत बसायचं नाही, असं माझ्या पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं. साबणाचं पाणी लावून पाहायचं, बुडबुडा आला तर वॉशर बदलायचा. माझ्या एकाही चाकाला आजवर बुडबुडा आलेला नाही.

वापरात सगळ्यात मोठा फरक पॅडॉकमध्ये जाणवला. ट्रॅकवर टायर तापतो, दर दहा अंशांमागे आतलं प्रेशर साधारण दीड पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतं. सकाळी थंड टायरमध्ये तीस भरलेले ट्रॅकवरच्या एका सेशननंतर सदतीस होतात, मग हवा काढून गरम टायरचं प्रेशर हवं तिथे आणायचं. म्हणजे दिवसभरात प्रत्येक व्हॉल्व्हवर प्रेशर मोजायचा गेज परत परत दाबला जातो, तोही घाईत, वाकडा. रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी कलतो. धातूचा जागचा हलत नाही, गेज सरळ बसतो, वाचन एकसारखं येतं. या एका सोयीसाठीही मी पुन्हा हेच बसवीन. (गरम टायरमधली हवा काढली असेल तर घरी निघण्याआधी, टायर थंड झाल्यावर, ती परत भरायला विसरू नका. नाहीतर हायवेवर पंचवीस-सव्वीस पीएसआयवर, सामान आणि माणसं भरून गाडी चालवाल.)

पिन आणि टोपण हे दोन्ही नवीन घ्या. बहुतेक चाकांत व्हॉल्व्हचं तोंड थोडं मध्याकडे कललेलं असतं, त्यामुळे वेगात पिनेवर बसणारा ओढा तिला उघडण्याच्या दिशेने लोटतो. स्प्रिंग आणि टायरमधली हवा तिला बंद ठेवतात. पण पिनेत कचरा अडकला असेल किंवा स्प्रिंग थकली असेल तर हवा राखण्याचं काम टोपणावर येतं. आत रबरी रिंग असलेलं धातूचं टोपण ते काम करू शकतं. साधं प्लॅस्टिकचं टोपण फक्त धूळ अडवतं. पिन आवळायला टॉर्क अगदी थोडा लागतो, बोटांनी फिरवायच्या छोट्या पान्याने टेकेपर्यंत, मग किंचित पुढे. पक्कडीने पिळली की तिचं सील फाटतं.

तक्रारी आहेत. फूटपाथला चाक घासलं तर रबरी व्हॉल्व्ह वाकून वाचतो, धातूचा वाकला की वाकलाच, आणि रिमच्या भोकालाही इजा करू शकतो. पुण्यातल्या पार्किंगमध्ये मी आता जास्त जागा सोडून गाडी लावतो. पावसाळ्यात एका चाकाचं टोपण घट्ट धरून बसलं होतं, तेव्हापासून धुतल्यावर सगळी टोपणं एकदा काढून लावतो. आणि फक्त शहरात चालणाऱ्या गाडीला या खर्चाची गरज नाही. दर वेळी टायर बदलताना नवा रबरी व्हॉल्व्ह बसवलात तर पुरेसं आहे.

खरी अडचण वॉशरची. टायर बदलताना ते नवीन घालायचे असतात, आणि माझ्या मापाचे वॉशर सुटे विकणारा दुकानदार मला शहरात सापडलेला नाही. जिथून व्हॉल्व्ह मागवले तिथे पुन्हा विचारलं तर अख्खा संच घ्या म्हणाले. तेव्हा पहिल्याच खेपेला वॉशरचा एक जादा संच, चार पिना आणि दोन टोपणं मागवून ठेवा. माझा संच आता डिकीत टायर गेजच्या डब्यातच असतो. पुढचे टायर दिवाळीनंतर बदलायचे आहेत, तेव्हा जुने वॉशर किती दबले आहेत ते पाहून इथेच लिहीन.