पर्जन्यमापक, दोरी आणि एक वही : सोळा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षीच्या मृगापासून यंदाच्या उत्तरा नक्षत्रापर्यंत आम्ही गावातल्या पाण्याची आणि जमिनीची नोंद स्वतः ठेवतो आहोत. सोळा महिने झाले, दोन पावसाळे झाले. गाव माण तालुक्यातलं. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडे साडेचारशेच्या आसपास. तोही नेमका कुठल्या आठवड्यात पडेल याचा भरवसा नाही. असं काही सुरू करावं का, असं शेजारच्या गावांतल्या बायका मला विचारतात. म्हणून वापरून जे कळलं ते सविस्तर लिहिते.

साधनं अगदी साधी आहेत. एक पर्जन्यमापक, तीस मीटरची टेप आणि तिच्या टोकाला बांधलेलं वजन, शाळेतली लांब वही, मोबाईलवर एक्सेल, आणि तलाठ्यांकडून घेतलेला गावाचा गट नकाशा. कल्पना आमची नाही. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत या शतकाच्या पहिल्या दशकात शेतकऱ्यांनीच पाऊस आणि विहिरी मोजून रब्बीची पिकं ठरवायला सुरुवात केली होती. आणि नगरजवळचं हिवरे बाजार तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे; तिथे पावसाळा संपला की गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात. ते वाचून, ऐकून आमच्या बचत गटातल्या सहा जणींनी हे हातात घेतलं.

पहिला पर्जन्यमापक स्वस्तातला, प्लास्टिकचा घेतला आणि पैसे वाया गेले. एप्रिलच्या उन्हात त्याला बारीक तडा गेला, वळवाचं पाणी झिरपून गेलं आणि दोन पावसांची नोंद कमी लागली. दुसरा फायबरचा घेतला, तो अजून ठणठणीत आहे. पण त्याहून मोठी चूक जागेची होती. आम्ही तो शाळेच्या लिंबाजवळ लावला होता, मुलांना वाचायला सोपं जावं म्हणून. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा, हे नंतर समजलं. आता तो मोकळ्या पटांगणात आहे. रोज सकाळी साडेआठला वाचायचा आणि आकडा त्याच दिवसाच्या तारखेला लिहायचा. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. नाहीतर रात्रीचा पाऊस कुणी कालच्या तारखेला लिहितं, कुणी आजच्या, आणि महिन्याअखेरीस काहीच जुळत नाही.

वहीत तारखेशेजारी नक्षत्राचा रकाना ठेवला, तो माझ्या मामंजींच्या सांगण्यावरून. त्यांना 'सप्टेंबरात ९० मिलिमीटर' म्हटलं तर काही बोध होत नाही. 'उत्तरा बरी लागली, मघा कोरडी गेली' म्हटलं की ते चाळीस वर्षांतल्या कुठल्या सालासारखं हे साल आहे ते सांगू लागतात. आम्ही आकडे गावातल्या फळ्यावरही लिहितो; म्हातारी माणसं त्या फळ्यासमोर थांबून वाचू लागली ती या एका रकान्यामुळे.

विहिरी दर अमावास्येला आणि पौर्णिमेला मोजतो. हे दिवस कुणालाही वेगळे लक्षात ठेवावे लागत नाहीत. मोटार चालू व्हायच्या आत, पहाटे. प्रत्येक विहिरीच्या काठावर तांबड्या रंगाची खूण केली आहे, तिथूनच टेप सोडायची. इथेही सुरुवातीचे दोन महिने फुकट गेले. एकीने 'पाणी २०' लिहिलं ते काठापासून खाली, दुसरीने 'पाणी २०' लिहिलं ते विहिरीत उभं असलेलं. त्यात एक फूट लिहायची, एक मीटर, आणि मामंजी परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या जुन्या मापात, सांगायचे. शेवटी एकच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं : 'काठाच्या खुणेपासून पाण्यापर्यंत, मीटरमध्ये.' तेव्हापासून वही खरी झाली. तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी हे वाक्य लिहा, टेप नंतर घ्या.

लोकांनी विहिरी मोजू दिल्या का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. सहज नाही दिल्या. माझे चुलत सासरे, आण्णा, विहिरीच्या काठावर उभे राहून म्हणाले, "सूनबाई, आज दोरी सोडशील, उद्या मीटर बसवतील." त्यांची भीती खोटी नव्हती, नोंद म्हणजे पट्टी, हा आपल्या लोकांचा पिढ्यांचा अनुभव आहे. मी म्हटलं, "आण्णा, फळ्यावर विहिरीचं नाव येणार नाही. वस्तीची सरासरी येईल. वही आमच्याकडे, तुम्हाला हवी तेव्हा बघा." चार महिन्यांनी त्यांनीच बोलावून घेतलं. आता बावीस विहिरी वहीत आहेत. कुणाचा आकडा कुणाला दिसणार हे आधीच ठरवून सांगणं, हा या कामातला निम्मा भाग आहे असं मी मानते.

आता या नोंदींतून हाताला काय लागलं ते सांगते.

आमच्या ओढ्यावरचा बंधारा आणखी खोल करायचा विचार चालला होता. मशीन लावायचं, लोकवर्गणी काढायची, सगळं ठरत आलं होतं. पहिल्या पावसाळ्यानंतर वही उघडली तर दिसलं की बंधारा भरल्यावर पंधरा दिवसांत खालच्या अंगाच्या विहिरी चढतात, पण बंधाऱ्याला अगदी लागून असलेल्या दोन विहिरी जागच्या हलत नाहीत. जुन्या विहिरी खोदणारे एक काका वहीतला तक्ता बघून लगेच म्हणाले, त्या दोन विहिरींना काळा पाषाण लागला आहे, खालच्यांना मांजऱ्या, म्हणजे मऊ, सच्छिद्र दगड. दख्खनच्या दगडाचं हेच आहे. घट्ट पाषाणात पाणी फक्त चिरांमधून जातं, मांजऱ्या आणि मुरूम मात्र पाणी धरतो आणि वाहू देतो. ज्या जागी आम्ही खोल करणार होतो, तिथे खाली पाषाणच होता. काम थांबवलं. तेच पैसे वरच्या बाजूला बांधबंदिस्तीला लावले. माझ्या दृष्टीने वहीची किंमत त्या एका बैठकीतच वसूल झाली.

ताळेबंदाचं गणित करताना मात्र आधी आम्ही फसलो. गावाचं क्षेत्र सुमारे १,४०० हेक्टर. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. साडेचारशे मिलिमीटरचे झाले ६३० कोटी लिटर. हा आकडा ग्रामसभेत सांगितला आणि सगळे खूश, एवढं पाणी असताना टंचाई कसली! पण यातलं बहुतेक पाणी मातीतून आणि पिकांतून हवेत जातं, काही वाहून जातं. आमच्यासारख्या खडकात मुरून विहिरींपर्यंत पोचतो तो जेमतेम दहावा हिस्सा धरावा, तोही जरा सढळ हाताने. म्हणजे ६३ कोटी. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. त्यातलं थोडं पावसातून भागतं हे मान्य, तरी सगळ्या गावाचं मुरलेलं पाणी तीस-चाळीस हेक्टर ऊस पिऊन टाकेल. आणि अठराशे माणसांना दिवसाला माणशी ५५ लिटर धरलं तर वर्षाचं पिण्या-वापरण्याचं पाणी होतं साडेतीन कोटी लिटरच्या थोडं वर. दोन हेक्टर उसाला याहून जास्त लागतं. हे वाक्य फळ्यावर लिहिलं, त्या दिवशी हंडा घेऊन चाललेल्या बायका तिथे थांबून पुन्हा पुन्हा वाचत होत्या. मीही मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभी राहिलेली आहे. तो आकडा लिहिताना मला फार वाईट वाटलं.

जमिनीच्या नोंदीचा अनुभव संमिश्र आहे. सातबाऱ्यावर जमीन कुणाची ते कळतं, ती किती खोल आहे ते कळत नाही. इस्रोच्या 'भुवन'वरचे नकाशे मी पुष्कळ पाहिले. पाणलोट कुठून कुठे उतरतो, पडीक कुठे, झाडी कुठे, हे समजायला फार छान. पण ५०,०००ला एक या प्रमाणाच्या नकाशात एक एकराचा चौकोन दीड मिलिमीटरही भरत नाही. आमच्याकडे त्याच एकरात वर बरड आणि खाली काळी असते. म्हणून पहार घेऊन आम्ही स्वतः फिरलो, मुरूम किती खाली लागतो ते बघितलं आणि गट नकाशावर तीन रंगांत भरलं. दोन महिने गेले, पाय भरून आले, पण हा नकाशा आजही सगळ्यात जास्त वापरला जातो. कोणत्या गटात कोणतं पीक आहे यासाठी ई-पीक पाहणीचा उपयोग झाला. २०२१पासून शेतकरी स्वतःच मोबाईलवरून पीक नोंदवतो, त्यामुळे क्षेत्राची बेरीज करणं सोपं गेलं. डोंगराकडच्या वस्त्यांवर रेंज नाही, तिथे आम्ही कागदावरच लिहून आणलं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तालुक्याचं चित्र बघायला ते आकडे हवेतच, आम्ही आमचे आकडे त्यांच्याशी ताडून बघतो. पण कांद्याची लागण करायची की ज्वारी-हरभऱ्यावर थांबायचं, हा निर्णय शेतकरी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या विहिरीकडे बघून घेतो. तेव्हा त्याच्यासमोर गेल्या पंधरवड्याचा आकडा असावा लागतो. गेल्या वर्षी काही घरांनी कांदा कमी केला. सगळ्यांनी ऐकलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यापैकी दोघांचा कांदा फेब्रुवारीत वाळला. त्यांच्या घरी जाऊन 'आम्ही सांगितलं होतं' असं म्हणायचं नाही, हे आम्ही आपसांत ठरवलं होतं.

आता यात काय कमी आहे. मोठी उणीव बोअरची. केसिंगमधून टेप जात नाही, मोटारीच्या वायरीत अडकते. आमची एक टेप आजही एका बोअरमध्येच आहे. म्हणून बोअरमधली पातळी वहीत नाही, फक्त उपसा आहे, तोही अंदाजाने : दोनशे लिटरचं पिंप किती सेकंदांत भरतं ते बघायचं आणि मोटार किती तास चालली ते विचारायचं. एका बोअरचं पिंप ऐंशी सेकंदांत भरलं, म्हणजे तासाला नऊ हजार लिटर. रोज आठ तास चालवली तर तीस बाय तीस बाय तीन मीटरचं, उतरत्या बाजूंचं शेततळं, जवळजवळ बावीस लाख लिटरचं, महिन्याभरात भरतं. जमिनीखालचं पाणी उपसून उन्हात ठेवायचं! एप्रिल-मेमध्ये दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडतं, तर त्या तळ्यावरून रोज सात हजार लिटरच्या आसपास हवेत जातं. पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरणाऱ्या शेततळ्याला माझा अजिबात विरोध नाही, आमचंही आहे. पण बोअरवर भरलेली तळी ताळेबंदात आली नाहीत तर तो ताळेबंद खोटा आहे, असं मी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. अजून त्यावर ठराव झालेला नाही.

दुसरी उणीव, एका गावाला एक मापक पुरत नाही. डोंगराकडच्या वस्तीवर धो धो आणि आमच्या पटांगणात थेंब नाही, असं यंदा चार वेळा झालं. दुसरा मापक तिकडे लावतो आहोत, हस्त सुरू व्हायच्या आत. तिसरी गोष्ट माणसांची. सहा जणींपैकी एक बाळंतपणाला माहेरी गेली, एकीने ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडलं, आणि जानेवारीतल्या दोन पंधरवड्यांच्या नोंदी राहून गेल्या. त्या जागा वहीत कोऱ्याच ठेवल्या आहेत. अंदाजाने भरू नका, असं मी सगळ्यांना सांगते, कारण एकदा भरलेला अंदाज पुढच्या वर्षी कुणालाच ओळखता येत नाही.

खर्चाचं विचाराल तर दोन मापक, दोन टेपा, वह्या, रंग आणि फळा, एवढंच लागलं, तेही गटाच्या बचतीतून भागलं. वेळ मात्र बराच द्यावा लागतो : पंधरा दिवसांतून एक पहाट पूर्ण, आणि रोज सकाळी साडेआठला कुणीतरी पटांगणात हवंच. ती जबाबदारी सध्या सातवीतल्या दोन मुलींकडे आहे. रविवारी आणि सुट्टीतही त्या येतात. परवा पाऊस नव्हता तरी दोघी आल्या, मापक रिकामा आहे हे बघितलं, आणि वहीत शून्य लिहून गेल्या.