रॉकर सोलचे बूट आणि कार्बन प्लेट: अंगठ्याच्या सांध्यासाठी उन्हाळा-पावसाळा वापरून

उजव्या बुटाचा सोल ऐन जुलैत चवड्याखाली उकलला आणि कंपनीच्या कस्टमर केअरने कळवलं, "पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." साताऱ्यात जुलैमध्ये कोरडा रस्ता आणायचा कुठून? ह्याच बुटांच्या जाहिरातीत एक मुलगी पाणी उडवत पळते आहे. तो फोटो त्यांना पाठवला, तर तेच वाक्य पुन्हा आलं. नऊ हजारांचे बूट आहेत. माझ्यासारखीने एवढे पैसे पायांवर घातले, त्यामागे कारण होतं.

माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय. त्याला हॅलक्स रिजिडस म्हणतात. पाऊल उचलताना टाच वर येते तेव्हा हा सांधा वरच्या बाजूला साधारण ४० ते ६० अंश वाकावा लागतो. माझा जेमतेम २० अंश वाकतो, मग तिथे हाडावर हाड आदळतं. वरच्या बाजूला हाडाचा टेंगूळ आलाय, त्यावर बुटाचा वरचा भाग घासतो. बनियन (bunion) म्हणजे अंगठा बाकीच्या बोटांकडे कलतो ते दुखणं, त्याचा उंचवटा अंगठ्याच्या आतल्या कडेला येतो, हा वर येतो, एवढं तरी ओळखून ठेवा.

निदानाला उशीर झाला तो युरिक ॲसिडपायी. अंगठा दुखतो म्हटलं की आपल्याकडे पहिली तीच तपासणी, आणि रिपोर्ट यायच्या आत डाळ, टोमॅटो, पालक बंद. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात, ह्याच सांध्याला धरतो हे खरं आहे, पण तो अचानक येतो, बहुतेकदा रात्री. सांधा लालभडक, गरम, चादरीचा स्पर्शही सोसत नाही असा. माझं दुखणं हळूहळू वाढलेलं, जिना चढताना आणि उकिडवं बसताना जास्त, झोपले की शांत. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर गाऊट ठरत नाही आणि नाकारताही येत नाही, कारण ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं. शेवटी ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला. पायावर भार असतानाच सांध्यातली फट किती उरली ते कळतं. फट अरुंद, वर हाड वाढलेलं, दुसरी ग्रेड, म्हणजे मध्यम झीज. दुखेल तेव्हा लावायला जेल दिलं आणि म्हणाले, "सांधा कमी वाकेल असं काहीतरी पायात घाला."

आता बाजारात जाऊन हे मागून बघा. प्रत्येक दुकानदार मऊ चप्पल पुढे करतो. "डॉक्टर सोल आहे ताई, बघा किती सॉफ्ट," असं म्हणत आपल्यासमोर ती टाचेपासून टोकापर्यंत दुमडून दाखवतो. जी चप्पल तशी दुमडते, ती पायातही तशीच दुमडणार आणि सोबत अंगठा दुमडणार. ह्या दुखण्याला मऊपणा नको, ताठपणा हवा. टाचदुखीला उशीसारखा सोल आराम देत असेल, पण अंगठ्याचा सांधा झिजलेल्याला तो छळतो. हे मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नाही, ह्याचा मला अजून राग आहे. कोल्हापुरीचंही तेच दुःख. तिचा अंगठ्याभोवतीचा पट्टा नेमका टेंगळाच्या आसपास काचतो. आवडती जोडी बहिणीला देऊन टाकली.

म्हणून दोन वस्तू घेतल्या. एक, रॉकर सोलचे बूट, म्हणजे पुढून वर वळलेला, जाड, न वाकणारा सोल. पाऊल त्यावरून पुढे कलतं आणि अंगठ्याला वाकावं लागत नाही. दुसरी, बुटातल्या गादीखाली सरकवायची कार्बन फायबरची सपाट प्लेट, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची. एका पायाची अडीच हजारांना पडली.

प्लेटने फरक पडायला आठवडाही लागला नाही. पण ती करकरते, आणि हा दोष मला फार मोठा वाटतो. मी ग्रंथालयात काम करते. दुपारी वाचनकक्षात स्पर्धापरीक्षेची मुलं मान खाली घालून बसलेली असतात आणि माझ्या प्रत्येक पावलाला 'कर्र'. मुलं मान वर करतात. अडीच हजारांच्या वस्तूने असा आवाज का करावा? विक्रेत्याने टाल्कम पावडर टाकायला सांगितलं. उन्हाळ्यात तिने आठवडा-आठवडा निभावलं, पावसाळ्यात ओलीने पावडरीचे गोळे झाले. मग गादी काढून नीट पाहिलं. घासत होती ती फक्त प्लेटची बाहेरची कड, करंगळीच्या बाजूची, जिथे बुटाची भिंत आत वळते. तिथे मेडिकलमधली कागदी पट्टी, मायक्रोपोअर, कडेवरून दोन्ही बाजूंना येईल अशी दुहेरी चिकटवली. आवाज बंद. हे कंपनीनेच करून द्यायला हवं होतं. चाळीस रुपयांचा रोल आहे.

रॉकर बुटांबद्दल माझं मत मध्ये बदललं. उन्हाळ्यात एका मैत्रिणीला मी लिहिलं होतं की नुसती प्लेट घे, बूट म्हणजे पैसे वाया. तेव्हा पोटऱ्या भरून यायच्या, गुडघा कुरकुरायचा, आणि स्टँडवर एसटीची वाट बघत स्थिर उभं राहिलं की शरीर पुढे-मागे डोलायचं. पण पुढे लांब चालणं झालं तेव्हा कळलं की नुसत्या प्लेटवर दोनेक किलोमीटरनंतर सांधा ठणकू लागतो आणि रॉकरवर तेवढ्याच अंतराला शांत असतो. आता लांबच्या चालीला रॉकर, ग्रंथालयात साध्या रुंद बुटात प्लेट. तोल जात असेल, वय जास्त असेल, तर मात्र रॉकर जपून. जिना उतरताना कठडा धराच.

परदेशी परीक्षणांत एक गोष्ट कधीच नसते: आपण घरात बूट घालत नाही. दिवसातला अर्धा वेळ फरशीवर अनवाणी, म्हणजे अर्धा वेळ हे सगळं निरुपयोगी. मी फक्त घरात वापरायला जाड, न वाकणारी स्लिपर आणली, तर आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडवायची. "ही बाहेर कधी जात नाही गं," हे तिला पटायला वेळ लागला. देवघरात अजूनही अनवाणीच. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर पुढच्या चवड्यावर भार देत नाही, टाचेसकट पूर्ण पाऊल टेकवून चढते. वज्रासन चालतं, कारण त्यात बोटं मागे सरळ पसरलेली असतात. सूर्यनमस्कारात जिथे चवडे टेकवून बोटं वाकतात, तिथे जमत नाही, ते सोडलं.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. माझ्या ग्रेडला वरचं वाढलेलं हाड तासतात, ती कायलेक्टमी. सांधा पुरता गेला तर तो पक्का जोडून टाकतात. मग तो वाकत नाही, पण दुखतही नाही, आणि बहुतेक लोक नीट चालतात. अमेरिकेतल्या मावसभावाने कार्टिवा नावाच्या कृत्रिम कूर्चेबद्दल विचारलं होतं. तिला तिथे २०१६मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२४मध्ये, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्यामुळे, ती बाजारातून मागे घेतली गेली. त्यामुळे तो विषय माझ्यापुरता संपला. स्टेरॉइडचं इंजेक्शन डॉक्टर देतात, त्याचा आराम तात्पुरता असतो. चालणं निभतंय तोवर मी प्लेटवरच आहे.

आता सोल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे कंपनीने पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. नऊ हजारांचे बूट एका पावसात फाटतात आणि वर पुन्हा त्यांच्याकडूनच घ्यायचे? नाकारलं. राजवाड्याजवळ बसणाऱ्या काकांकडे बूट नेले. त्यांनी जुनं सोल्यूशन खरवडून काढलं, नवं लावलं, आणि नायलॉनच्या दोऱ्याने पुढून कडेने टाके घातले. ऐंशी रुपये घेतले. त्यानंतर महाबळेश्वरच्या पावसात जाऊन आले, टाका हललेला नाही.

घेणार असाल तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना माप द्या. प्लेट सोबत न्या आणि ती आत घालूनच बूट चढवून बघा, बहुतेकदा अर्धा नंबर मोठा लागतो. अंगठ्यावरची जागा उंच हवी, टेंगळावर शिवण नको. बूट हातात घ्या, टाच एका तळव्यात, टोक दुसऱ्यात, आणि पूर्ण जोर लावून वाकवा. चवड्यापाशी वाकला तर परत फळीवर ठेवा, दुकानदार काहीही म्हणो.