ब्यूटाइल टेप: कंपॅनियनवेची गळती कुठे थांबते, कुठे नाही

शिडाच्या होडीत कंपॅनियनवे, म्हणजे केबिनमध्ये उतरायच्या वाटेचा जिना, ओला दिसला की सरकत्या झाकणाच्या फटीवर संशय जातो आणि फटीत सिलिकॉन भरलं जातं. पण पुष्कळदा पाणी झाकण सरकतं त्या रुळांच्या बोल्टच्या भोकांतून उतरत असतं. या जागेसाठी ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी, ही उत्तम वस्तू आहे.

आधी गळती शोधा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. सुरुवात खालच्या उंबऱ्यापासून, मग दार बंद करणाऱ्या आडव्या सुट्या फळ्या, मग रूळ. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही.

टेप साधारण 12 मिमी रुंद, 3 मिमी जाड घ्या. हळू ताणली की चांगल्या टेपची लांब तार निघते. हलकी टेप पटकन तुटते आणि बोटांना चिकटून राहते. जुनं सिलिकॉन कणभरही ठेवू नका, त्यावर काहीच धरत नाही. डेकमधल्या भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक बिटने छोटी वाटी करा. बोल्टच्या डोक्याखाली टेपची बारीक वळी गुंडाळा, रुळाखाली सलग पट्टी लावा. मग बोल्ट स्थिर धरून खालून नट फिरवा. बोल्टच फिरवला तर वाटीतलं ब्यूटाइल पिळवटून सुटतं. एका दमात आवळू नका. दोन-तीन दिवस थोडं थोडं आवळा. टेप बाहेर येत राहील, ती प्लास्टिकच्या पट्टीने कापा. उन्हात तापलेल्या डेकवर हे काम लवकर होतं.

डेकमध्ये बाल्साचा (हलक्या लाकडाचा) गाभा असेल तर नुसती टेप पुरत नाही. भोक मोठं करून घट्ट एपॉक्सीने भरा, मग त्यातून नवं भोक पाडा. नाहीतर पुढच्या गळतीत बाल्सा आतल्या आत कुजतो.

ही टेप सुकून कडक होत नाही, म्हणून डेकच्या हालचालीबरोबर ती हलते. पण तो गोंद नव्हे. डिझेल-पेट्रोल लागलं की ती विरघळते, आणि झाकणाच्या सरकत्या पृष्ठभागावर तर लावूच नये.

फळ्यांमधून येणाऱ्या पाण्याला तिचा उपयोग नाही. तिथे सांध्याच्या कडा बाहेरच्या बाजूला उतरत्या कापाव्या लागतात, म्हणजे पाणी परत बाहेर वळतं. उंबऱ्याच्या खाचेतली निचऱ्याची भोकं कचऱ्याने बुजतात, तीही तारेने मोकळी करा. झाकणाच्या पुढच्या कडेवर लाट आदळत असेल तर वर सी-हूडच, म्हणजे झाकण ज्याच्याखाली सरकतं ते पक्कं आवरण, हवा.

फळ्यांना दोरी बांधणं मात्र विसरू नका. 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या सागरी शर्यतीत वादळात उलटलेल्या काही होड्यांच्या फळ्या निघून गेल्या आणि आत पाणी शिरलं. आत-बाहेर दोन्हीकडून अडकवता येईल अशी कडी आणि प्रत्येक फळीला दोरी, एवढं टेप विकत घ्यायच्या आधी करा.