सह्याद्री खरंच धावत गेला तर? लढाईच्या मथळ्यांचा नाशिकमधला पत्त्यांचा खेळ

नाशिकच्याच एका छोट्या छापखान्यानं काढलेला हा खेळ मेन रोडवर साडेचारशे रुपयांना मिळतो. पेटीत ६० पत्ते, दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, एक वही आणि चार पेन्सिली. पत्त्याच्या पुढच्या बाजूला युद्धकाळातला मथळा किंवा गाजलेली बातमी, मागे तिची खरी हकीकत. मथळा शब्दशः खरा धरायचा आणि पुढे काय झालं असतं ते तीन टप्प्यांत लिहायचं: पहिल्या दिवशी, आठव्या दिवशी, वर्षभरानं. एक जण संपादक होतो, वाचून दाखवतो, गुण देतो. नाशिकचा नेमका तपशील आला तर एक गुण जादा.

या जादा गुणावरच खेळ तरला आहे. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हा पत्ता घ्या. नुसतं ‘डोंगर गेला, सगळीकडे गोंधळ’ लिहिलं तर कुणी हसत नाही. पण पहिल्या दिवशी कसाऱ्याला मागून रेटणारी बँकर इंजिनं जोडायला चढच उरलेला नाही, १:३७ चा घाट सपाट, आणि गाडी वेळेआधी पोचल्यामुळे नाशिकरोडला प्लॅटफॉर्म रिकामा नाही, असं लिहिलं की रंग भरतो. आठव्या दिवशी ब्रह्मगिरी जागेवर नसल्यानं गोदावरीचा उगम शोधायला त्र्यंबकहून मंडळी थेट उत्तरेकडे निघालेली. वर्षभरानं इगतपुरीला अडणारा पाऊस सरळ निफाडच्या द्राक्षांवर, आणि बागाईतदारांचा दिल्लीला अर्ज: युद्धबंदी झाली, आता आमचा डोंगर परत पाठवा. पाठीवरची हकीकतही चोख आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीन युद्धाच्या वेळी, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले. म्हणजे सह्याद्री धावला तो नाशिकच्या तिकिटावर!

दुसरा सरस पत्ता ७ नोव्हेंबर १९१८ चा. युनायटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या रॉय हॉवर्डनं फ्रान्सातल्या ब्रेस्टहून तार केली की पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम झाला. न्यूयॉर्कमध्ये लोक रस्त्यावर उतरले, नाचले. खरा करार व्हायला अजून चार दिवस होते. यावर लिहिताना फौजांच्या मागे लागू नका, हिशोबाच्या मागे लागा. सात तारखेला वाटलेल्या पेढ्यांचं बिल कुणी द्यायचं? अकराला पुन्हा पेढे वाटायचे, की ‘आमचे वाटून झाले’ म्हणून हात झटकायचे? इथे मिठाईवाला जिंकतो, दोन्ही बाजू हरतात.

१९४० च्या एक रुपयाच्या नोटेचा पत्ता वरकरणी रुक्ष. चांदी वाचवायला सरकारनं रुपयाची नोट पुन्हा काढली, आणि नोटांचा छापखाना तर आपल्या नाशिकरोडलाच. पण रुपया कागदाचा झाला की नाणेफेक अवघड होते (वाऱ्यानं नोट सीमापार, पंच तिच्या मागे), आणि भाऊबीजेला ताटात नोट टाकावी तर निरांजन शेजारीच.

गाजराच्या पत्त्यावर मात्र चूक आहे, आणि ती विकत घेणाऱ्यानं पेनानं दुरुस्त करावी. ब्रिटिश वैमानिक जॉन कनिंगहॅमला गाजरं खाल्ल्यामुळे रात्री दिसायचं, असं पाठीवर ‘खरी हकीकत’ म्हणून छापलंय. ती ब्रिटिश सरकारनं पसरवलेली बतावणी होती. विमानात बसवलेलं रडार लपवायचं होतं. गाजरात जीवनसत्त्व ‘अ’ तयार व्हायला लागणारं द्रव्य असतं. त्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं आलेला रातांधळेपणा गाजरांनी सुधारतो, पण सुदृढ माणसाला काही मांजराचे डोळे येत नाहीत. मथळा म्हणून पत्ता झकास आहे: महापालिका पथदिवे काढून घरटी गाजरं वाटते, हंगाम थंडीचा, म्हणून एप्रिलपासून शहर अंधारात.

१४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाचा पत्ता बाजूला काढावा. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावरच्या सोन्याच्या विटा उडून दूरवर पडल्या हे खरं, पण त्या स्फोटात शेकडो माणसं गेली. पत्ता निघाला की टेबल गप्प होतं. शिवाय दहाबारा मथळे बनावट आहेत, ते लगेच कळतात. आधीच विनोद करून आलेल्या मथळ्यावर पुढे करायला काही शिल्लक राहत नाही.

आता छपाई. कागद जाड आहे, पण लॅमिनेशन एकाच बाजूला. पावसाळ्यात उघडी बाजू दमट हवा पिते, फुगते, आणि पत्ता लॅमिनेशनच्या बाजूला वळतो. सगळे सारखे वळत नाहीत, त्यामुळे पिसताना कुठला पत्ता कुठे आहे ते ओळखू येतं. खेळ झाला की गठ्ठ्याला रबर लावू नका, त्यानं तो मधेच दुमडतो. दोन सपाट पुठ्ठ्यांत ठेवून वर जाड दिवाळी अंक ठेवा. पाठीवरचा मजकूर फिकट करड्या रंगात आणि इतका बारीक की जोडाक्षरं बुजलीत. ट्यूबलाइटखाली ज्येष्ठांना वाचता येणार नाही, संपादकपद त्यांच्याकडे जाईल तेव्हा शेजारी तरुण बसवा.

दोन मिनिटं हातानं मराठी लिहायला अपुरी पडतात, घड्याळ दोनदा उलटवा. चार ते सहा खेळाडू ठीक. आठ झाले की वाचनातच अर्धा तास जातो. आणि पहिल्या डावाआधीच तीन शेवटांवर बंदी घाला: महागाई वाढली, मोर्चा निघाला, चौकशी समिती नेमली. नाहीतर तिसऱ्या पत्त्यापासून सगळ्यांची वर्षअखेर सारखीच होते.

बनावट पत्ते काढून टाकले तरी पन्नासेक चांगले उरतात, तेवढ्यासाठी साडेचारशे जास्त नाहीत. पुढची आवृत्ती दोन्ही बाजूंनी लॅमिनेट होणार असेल तर थांबा. दुकानात विचारून बघा.