फ्लो हाइव्ह की टॉप-बार पेटी?

ऑस्ट्रेलियातल्या अँडरसन पिता-पुत्रांच्या फ्लो हाइव्ह या मधमाश्यांच्या पेटीने 2015 मध्ये लोकवर्गणीतून 1 कोटी 20 लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. किल्ली फिरवली की चौकटींमधल्या प्लास्टिकच्या कोठड्या मधोमध दुभंगून सरकतात आणि मध नळीतून थेट बरणीत उतरतो. दिसायला विलक्षणच! पण मध आतच साखरला तर तो उतरत नाही, चौकटी धुवाव्या लागतात. माश्यांनी पोळं मेणाने पुरतं सीलबंद केलेलं नसेल, तर पातळ मध हाती येऊन पुढे आंबतो. शिवाय शिशुकक्ष (राणी अंडी घालते तो पेटीचा भाग) उघडून राणी, अंडी, रोग तपासायचं काम काही टळत नाही, आणि नवशिक्या नेमका तिथेच गाफील राहतो. किंमतही भरमसाट.

केनियात 1970 च्या दशकात रुजलेली टॉप-बार पेटी याच्या अगदी उलट. उतरत्या बाजूंची लाकडी पेटी आणि वर नुसत्या पट्ट्या; गावचा सुतारही बनवेल. मात्र पोळ्याला चौकटीचा आधार नसतो. उन्हात पट्टी आडवी केलीत की मऊ पोळं मधासकट तुटून पडतं. मध काढायच्या यंत्रातही ते फिरवता येत नाही. पिळूनच मध काढायचा, म्हणजे माश्यांनी मेण पुन्हा पहिल्यापासून बांधायचं.

तरी शिकणाऱ्याने टॉप-बारच घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. तिथे माश्यांकडे पाहावंच लागतं.