फॉल्ट रिलेचे पैसे घेतले, आत निघाली तार: ऑक्सिजन अ‍ॅनालायझरची फसवणूक

आग लागू नये म्हणून सॉल्व्हंटच्या टाकीत द्रवावर नायट्रोजनचा थर, म्हणजे ब्लँकेट, ठेवतात. तिथे ऑक्सिजन मोजणाऱ्या अ‍ॅनालायझरचं एक दुखणं असतं. त्यातला सेन्सर, म्हणजे गॅल्व्हॅनिक सेल, संपत आला की त्याचा आउटपुट घटत जातो आणि आकडा शून्याकडे सरकतो. ब्लँकेटिंगमध्ये शून्य म्हणजे सगळं उत्तम! खोलीतल्या हवेत ऑक्सिजन कमी झाला की वाजणारा मॉनिटर मेला तर निदान खोटा अलार्म तरी वाजतो. इथे मेलेलं उपकरण निरोगी टाकीसारखं दिसतं. म्हणून आम्ही ऑर्डरमध्ये तीन गोष्टी जादा पैसे मोजून मागितल्या होत्या: दोन स्वतंत्र अलार्म रिले (रिले म्हणजे कॉइलने चालणारा स्विच), एक फेल-सेफ फॉल्ट रिले (उपकरण बिघडलं किंवा वीज गेली तरी इशारा देणारा) आणि बिघाड झाल्यावर ३.६ मिलीअँपवर उतरणारा आयसोलेटेड ४-२० आउटपुट (आकडा ४ ते २० मिलीअँपच्या करंटने कळवणारा, बॉडीपासून विजेने अलग).

माल आला. मागच्या पट्टीवर सगळी टर्मिनल्स, प्रत्येकाखाली सुबक छापलेली नावं. सोबत टेस्ट सर्टिफिकेट: ४.००, ८.००, १२.००, १६.००, २०.०० मिलीअँप. पाचही ठिकाणी चूक शून्य. इतकं गुळगुळीत सर्टिफिकेट दिसलं की मला आता खाज सुटते.

विक्रेत्याच्या इंजिनिअरने कमिशनिंगला, म्हणजे उपकरण सुरू करून देताना, सॅम्पल लाइन सोडवून सेलवर हवा घेतली. रेंज ० ते २५ टक्के, म्हणजे २०.९ टक्क्यांना १७.३८ मिलीअँप यायला हवेत, आले. पहिला अलार्म ५ टक्क्यांवर, दुसरा ८ वर; दोन्ही वाजले. सगळे खूश. पण हवा दिली की दोन्ही वाजणारच. रिले खरंच दोन आहेत का हे पाहायचं तर ६ टक्क्यांचा गॅस द्यायला हवा, आणि तेव्हा एकच वाजायला हवा. तो सिलिंडर त्याने आणलाच नव्हता. तेव्हा वाटलं विसरला असेल.

पितळ उघडं पडलं ते वीज गेल्यावर. अ‍ॅनालायझरचा फीडर ट्रिप झाला, डिस्प्ले काळा. कंट्रोल रूममध्ये ४-२० चा लूप तुटल्याचा इशारा आला, पण शेजारी फॉल्ट संपर्काचा दिवा शांतपणे हिरवा. फेल-सेफ रिलेची कॉइल उपकरण ठीक असताना भारलेली असते. वीज गेली की ती सुटते आणि संपर्क पालटतो. बंद उपकरण ‘मी ठीक आहे’ म्हणतंय, याचा अर्थ तिथे कॉइल नाही.

आम्ही कव्हर काढलं. फॉल्ट रिलेची जागा बोर्डवर आखलेली, रिले बसवलेलाच नाही. बोर्डाच्या खालच्या बाजूने कॉमन आणि फॉल्ट या टर्मिनलांमध्ये एक तार डाखलेली. विसरून राहिलेला भाग मी समजू शकतो. पीएलसीला (सिग्नल वाचणाऱ्या कंट्रोलरला) कायम ‘ठीक’ कळावं म्हणून मुद्दाम डाखलेली तार ही विसर नव्हे. मग बाकीचंही तपासलं. दोन्ही अलार्मची टर्मिनल्स एकाच दोन-पोल रिलेवर (कॉइल एक, संपर्क दोन) होती. डिस्प्लेवर मर्यादा दोन, काम एकाच मर्यादेवर. आउटपुटचं ऋण टोक आणि बॉडी यांत मल्टिमीटरवर जेमतेम एखादा ओहम, म्हणजे आयसोलेशन फक्त कागदावर. शेवटी सेन्सरची वायर काढली: आउटपुट ४.०० मिलीअँप, अगदी स्थिर. ऑक्सिजन शून्य, टाकी सुरक्षित!

नामूर या प्रोसेस उद्योगातल्या वापरकर्त्यांच्या संघटनेची एनई ४३ ही शिफारस याच भानगडीसाठी आहे. मोजमाप ३.८ ते २०.५ मिलीअँपमध्ये राहतं, ३.६ किंवा कमी, नाहीतर २१ किंवा जास्त म्हणजे बिघाड. विक्रेत्याच्या कॅटलॉगमध्ये हे नाव होतं, बोर्डात नव्हतं.

फोन केला तर आधी ‘तुमचं वायरिंग चुकलंय’. डाखलेल्या तारेचा फोटो पाठवल्यावर ‘जुन्या लॉटचा बोर्ड गेला, अपग्रेड कार्ड देतो’, आणि त्या कार्डाचं वेगळं कोटेशन! ज्याचे पैसे आधीच घेतलेत तेच पुन्हा विकायला काढलं होतं. खरेदी विभागाने उरलेली रक्कम रोखली, उपकरण परत पाठवलं. दिलेला अ‍ॅडव्हान्स अजून अडकलेला आहे.

आता आमच्याकडे उपकरण विक्रेत्याच्या बेंचवर असतानाच ते पाहिलं जातं. सेन्सर काढून मिलीअँप मोजायचे. वीज चालू आणि बंद, दोन्ही वेळा फॉल्ट संपर्कावर मीटर लावायचा; कुठलं टर्मिनल जोडलेलं दिसतं याला अर्थ नाही, स्थिती पालटते का तेवढंच बघायचं. दोन मर्यादांच्या मधला गॅस देऊन एकच अलार्म वाजतो का पाहायचं. आउटपुट अ‍ॅक्टिव्ह (लूपला वीज स्वतः पुरवणारा) की पॅसिव्ह (बाहेरून घेणारा) हेही तिथेच ठरतं, नाहीतर पीएलसी कार्डाशी भांडण साइटवर. आणि रिलेची क्षमता ५ अँप लिहिलेली असली तरी ती बहुधा रेझिस्टिव्ह (हीटरसारख्या) लोडची असते. सोलेनॉइड (व्हॉल्व्ह वगैरे हलवणारी कॉइल) थेट जोडला तर संपर्क चिकटू शकतात, म्हणून मध्ये वेगळा रिले घालावा.

मध्यंतरी एका टेंडरसोबत आलेल्या माहितीपत्रकात तीच मागची पट्टी, तीच अक्षरं दिसली. बॉडीचा रंग वेगळा, नाव नवीन. आउटपुटच्या रकान्यात ‘फेल-सेफ फॉल्ट रिले’ ठळक छापलेलं आहे. तांत्रिक छाननीत मी बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागितले; अजून आलेले नाहीत.